न बघता केलेली सही

"वाचायचं काय त्यात? गेल्या वर्षीचाच कागद आहे, तारीख तेवढी बदललीय," रेडिओ पुटपुटला, आणि फाइल ताईच्या कोपरापाशी सरकवून त्यानं पुन्हा दोऱ्यांचा गुंता हातात घेतला.

रेडिओ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सकाळी आठला सुरू व्हायचा आणि सुटीचा भोंगा वाजेपर्यंत बंद व्हायचा नाही, म्हणून रेडिओ. एकाच लांबलचक टेबलाशी तो आणि ताई कोपराला कोपर लावून उभे राहत, त्यामुळे त्याची कुरकुर ऐकायची नाही म्हटलं तरी ऐकावीच लागे.

"सही कर आणि पुढं ढकल," तो म्हणाला. "मी तर चष्मासुद्धा लावला नाही."

कारखाना लष्कराचा होता. सैनिक विमानातून उड्या मारतात त्या हवाई छत्र्या इथं धुतल्या जात, उंच मनोऱ्यात टांगून वाळवल्या जात, तपासल्या जात, फाटल्या असतील तर शिवून पुन्हा घडी घालून पिशवीत बसवल्या जात. पॅराशूट वगैरे शब्द कागदावर. टेबलाशी ती नुसती छत्री. वर्दी घालून उड्या मारणारे वेगळे आणि टेबलाशी उभं राहणारे वेगळे. टेबलाशी सगळे मुलकी, म्हणजे साध्या कपड्यातले नोकर. त्यांच्या डोक्यावर मात्र एक मेजरसाहेब असायचे. दर दोन वर्षांनी नवे. साहेब येत, खुर्चीची उंची कमी-जास्त करून घेत, बसत आणि बदली होऊन जात. छत्र्या आणि माणसं तिथंच.

ताई एकवीस वर्षं तिथं तपासनीस होती. दिव्याच्या टेबलावर छत्री पसरायची, खालून उजेड सोडायचा आणि एकेका पाकळीवरून बोटं फिरवत जायचं. छत्रीला पाकळ्या अठ्ठावीस, दोऱ्याही अठ्ठावीस. मोहरीएवढं भोक असलं तरी उजेड चुगली करतो. सगळं ठीक असेल तर छत्रीच्या खिशातल्या कार्डावर सही. त्या सहीवर भरवसा ठेवून कोणाचा तरी मुलगा आभाळातून उडी मारतो. म्हणून ह्या कारखान्यात चोरीपेक्षाही मोठं पाप एकच होतं, ते म्हणजे न बघता सही. बाकी सगळं माफ होई. चहाला दहा मिनिटं जास्त लागली, माफ. न बघता सही केली, तर माणूस दुसऱ्या दिवशी टेबलाशी दिसत नसे.

आणि आता तिच्यासमोर, वाचल्याची सही करायला, तिचा स्वतःचा वार्षिक अहवाल होता. 'कामात नियमित. वागणूक चांगली. शेरा : समाधानकारक. सुधारणेस वाव आहे.' खाली मेजरसाहेबांची झोकदार सही.

ह्या वर्षी मुख्य तपासनीसाची जागा रिकामी होत होती. त्या जागेसाठी 'उत्तम' असा शेरा लागे. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही. गेल्या वर्षी नव्या मालातली शिवण सैल आहे म्हणून तिनं चाळीस छत्र्या एकटीनं अडवून धरल्या होत्या. पुरवठादार ओरडला, वरून फोन आले, ती हलली नाही. पुढं तपासणीत तिचंच खरं निघालं. त्याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. सुधारणेस वाव मात्र आहे!

रागारागानं तिनं इतरांचे कागद उलटले. रेडिओचा, घडीवाल्यांचे, शिलाईवाल्यांचे. सगळीकडे तीच चार वाक्यं. शेवटचा कागद उलटला आणि तिचा हात थांबला.

टेबलाशी माणसं तेरा. कागद चौदा.

चौदावा कागद मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे शिलाई विभागातला सगळ्यात जुना हात. अठ्ठावीस वर्षं त्यांनी छत्र्या शिवल्या होत्या. त्यांना जाऊन सात महिने झाले होते. ह्याच तेरा जणांनी त्यांना खांदा दिला होता.

'कामात नियमित. वागणूक चांगली. समाधानकारक. सुधारणेस वाव आहे.'

रेडिओनं मान वाकडी करून वाचलं. "आता आणखी काय सुधारायचं राहिलंय त्या माणसानं?"

दोघं-तिघं फिस्सकन हसले, आणि लगेच माना खाली घालून कामाला लागले. कोणी कोणाकडे बघेना. शिलाईचं एक यंत्र उगाच चालू झालं आणि बंद पडलं.

ताईनं तो कागद चार घड्या घालून अॅप्रनच्या खिशात टाकला. कशाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तासाभरात हेडक्लार्क घाम पुसत आले. गरीब स्वभावाचा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"ताई, एक कागद कमी भरतोय गं."

"कमी नाही, जास्त भरत होता. मेलेल्या माणसाचा अहवाल कोणी लिहिला?"

ते दचकले, मग हलक्या आवाजात म्हणाले, "लिहितो कोण? यादी जुनी होती. मजकूर ठरलेला आहे, मी नावं घालतो, साहेब सह्या करतात. बारा वर्षं असंच चाललंय. कोणाचं काही बिघडलं का?"

"आणि साहेबांच्या हाताखालच्या वर्दीवाल्यांचे अहवाल?"

"ते साहेब स्वतः लिहितात. तीन-तीन पानं. ते कर्नलसाहेब वाचतात ना! आपले कोण वाचतंय?"

दुपारी मेजरसाहेबांनी तिला बोलावलं. साहेब पस्तिशीच्या आतले, बोलायला मऊ. वाईट माणूस म्हणून बोट दाखवावं असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि हीच तर पंचाईत असते. टेबलाखाली त्यांचा पाय एकसारखा हलत होता.

"बसा. तुमच्या अहवालात जरा घाई झाली. त्या चाळीस छत्र्या अडवणाऱ्या तुम्हीच, हे मला आजच कळलं. मी शेरा बदलतो. उत्तम लिहितो. जागा तुम्हालाच मिळायला हवी."

ताईला वाटलं, कानात कोणीतरी शिट्टी फुंकली.

"आणि तो... जुना कागद आहे तुमच्याकडे. तेवढा देऊन टाका. उद्या कर्नलसाहेब येतायत. उगाच एका कारकुनी चुकीचा बोभाटा नको."

"उद्या देते, साहेब," ती म्हणाली आणि उठली. खिशातल्या कागदावर तिचा हात घट्ट दाबलेला होता.

घरी आली ती ह्या खोलीतून त्या खोलीत. ओटा पुसला. परत पुसला. पाणी प्यायला पेला घेतला आणि भरायचा विसरून हातात धरून उभी राहिली. नवरा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला, "घरात कोणी हरवलंय का?" आणि पान उलटून पुन्हा आड गेला.

सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. त्यांच्यापुढं वर्गातली पोरं काय लपवत होती आणि सून काय लपवणार!

"अगं, तो ओटा झिजेल. बस आणि सांग."

ताईनं सगळं सांगितलं. कागद पुढं ठेवला. सासूबाईंनी तो दूर धरून वाचला.

"हं. मग? तुला जागा हवीय की नको?"

"हवीय हो, आई. खूप हवीय. एकवीस वर्षं उजेडाच्या टेबलावर डोळे फोडलेत."

"मग घे की. कोण नाही म्हणतंय? कागद द्यायचा, शेरा घ्यायचा."

ताई बसली, पुन्हा उठली. "पण ते उत्तमसुद्धा त्यांनी न बघताच लिहिलेलं असणार. माझं टेबल कुठं आहे तेही त्यांना माहीत नाही. समाधानकारक लिहिताना बघितलं नाही आणि उत्तम लिहितानाही बघितलं नाही. मला वाईट म्हटल्याचा राग आला होता का मला? नाही. मला बघितलंच नाही, त्याचा आला होता."

"आता कशी वळणावर आलीस!" सासूबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "मी वर्गातल्या साठ पोरांच्या प्रगतिपुस्तकावर शेरे लिहायची. एकदा कंटाळा आला, तर वीस पोरांना एकच वाक्य लिहून टाकलं. मुख्याध्यापकांनी पुस्तकं उघडली आणि मला बोलावून एकच विचारलं, बाई, ही वीस पोरं आहेत की एक? त्या वर्षी माझ्या स्वतःच्या अहवालात ते लिहून आलं. लाज वाटली, रडले, पण पुन्हा कधी तसं केलं नाही. मी काही रातोरात साध्वी झाले नव्हते गं. मला विचारणारं कोणीतरी होतं, म्हणून सुधारले. तुमच्या साहेबाला विचारणारं कोण आहे?"

"कर्नलसाहेब. तेच त्यांचा अहवाल लिहितात."

"त्यात रकाना आहे का, हाताखालच्या मुलकी माणसांचे अहवाल ह्यानं नीट लिहिले की नाही?"

"नसावा."

"मग तो बिचारा कशाला डोळे फोडील? ज्याच्या चुकीला जाब नाही, त्याला ती चूक वाटतच नाही. माणूस वाईट असावा लागत नाही त्यासाठी." त्यांनी कागदाची घडी सुनेच्या हातात दिली. "काय करायचं ते तू ठरव. फक्त इथं ओट्याशी कुरकुर करून भागणार नाही. ओट्याला सही करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ताई घरातून अर्धा तास लवकर निघाली आणि दोन गल्ल्या सोडून मास्तरांच्या घरी गेली. कागद त्यांचा होता. त्यांच्या माणसाला न विचारता तो चारचौघांत कसा उघडायचा? मास्तरांच्या बायकोनं दारातच तो वाचला. सावकाश, ओठ हलवत. ताईला वाटलं, आता ही रडणार नाहीतर चिडणार.

"वहिनी, मला माफ करा, पण..."

"अठ्ठावीस वर्षांत ह्यांच्याबद्दल साहेबांनी लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचतेय," वहिनी म्हणाल्या. "मला वाटायचं, काहीतरी लिहीत असतील बाई. हे घरी येऊन सांगायचे, आज अशी शिवण घातली की साहेबांनी बघतच राहावं." त्यांनी कागद परत दिला. "वाच. सगळ्यांसमोर वाच."

तिथून कारखान्यापर्यंतचा रस्ता एरवी पंधरा मिनिटांचा होता. त्या दिवशी तो कधी संपला आणि किती वेळा ती मधेच परत फिरायला वळली, ते तिचं तिलाच आठवत नाही. फाटकाशी हेडक्लार्क उभेच होते. "ताई, आणलास ना कागद?" ती तशीच आत शिरली.

वर्षातून एकदा कर्नलसाहेब येत, त्याला टेबलावरची मंडळी 'अडचण तास' म्हणत. मोठ्या दालनात टेबलं बाजूला सरकवून खुर्च्या मांडायच्या. समोर कर्नलसाहेब, शेजारी मेजरसाहेब. कर्नलसाहेब विचारणार, "कोणाला काही अडचण?" सगळे एका सुरात म्हणणार, "नाही, साहेब!" मग चहा. अडचण तास सहसा सात मिनिटांत आटपे.

"कोणाला काही अडचण?"

"नाही, सा..."

ताई उभी राहिली. सूर अर्ध्यातच तुटला.

"मला आहे, साहेब." आवाज तिचा तिलाच परका वाटला. "एक अहवाल वाचायचाय. माझा नाही."

मेजरसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत स्पष्ट होतं : उत्तम! विसरू नका, उत्तम! ताईला ते दिसलं. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि वाचला. नाव, हुद्दा, चारही वाक्यं. मग म्हणाली, "ह्या माणसाला जाऊन सात महिने झाले, साहेब. तेरा जणांचे कागदही ह्याच शब्दांत आहेत. त्यांच्यात आणि ह्याच्यात फरक एवढाच, की तेरा जण अजून श्वास घेतायत."

हेडक्लार्क धडपडत उठले. "माझी चूक, साहेब! यादी जुनी होती. माझीच चूक."

वाचकहो, आपल्या सगळ्यांच्या कचेऱ्यांत असा एक हेडक्लार्क असतो. चूक कोणाचीही असो, ती अंगावर घ्यायला उठतो तो. आणि आपण सगळे सुटकेचा श्वास सोडतो, कारण पाणी कुठंतरी जिरलं. इथंही ते जिरलंच असतं. कर्नलसाहेब "पुढच्या वेळी काळजी घ्या" म्हणायला तोंड उघडत होते.

"तुम्ही बसा हो," ताई हेडक्लार्कना म्हणाली. "खाली सही तुमची नाही."

मग ती मेजरसाहेबांकडे वळली. "साहेब, ह्या वर्षी तुम्ही अकरा उड्या मारल्या. छत्र्यांच्या वहीत नोंद आहे. अकराही छत्र्यांच्या कार्डावर सही माझी होती. तुम्ही मला ओळखत नव्हता, तरी त्या सहीवर विसंबून दारातून पाऊल बाहेर टाकलंत. एकदा जरी मी न बघता सही केली असती तर? आणि तुमची सही! तिच्यावर माझी बढती टांगलेली, रेडिओची पगारवाढ टांगलेली, आणि त्या पगारवाढीवर त्याच्या मुलीचं शिक्षण. आम्ही खाली पडलो तर आवाज होत नाही, एवढाच काय तो फरक!"

"बाई," कर्नलसाहेब सावकाश म्हणाले, "तुम्हाला नक्की काय हवंय? तुमचा शेरा बदलून हवा का?"

"काल बदलून मिळत होता, साहेब. ह्या कागदाच्या बदल्यात."

बाकीच्या बारा माना एकदम वर झाल्या. रेडिओचं तोंड उघडं राहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून आवाज आला नाही.

"मला तसा नको," ती म्हणाली. "माझ्या टेबलाशी उभं राहून, माझं काम बघून साहेबांना समाधानकारक वाटलं, तर समाधानकारक लिहावं. मी ते डोळे मिटून मान्य करीन. जागा गेली तर गेली. पण एक विचारते, रागावू नका. तुम्ही मेजरसाहेबांचा अहवाल लिहिता, तेव्हा त्यांनी आमचे कसे लिहिले, ते बघता?"

कर्नलसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला 'नाही' हा शब्द किती जड जातो, ते त्या दिवशी सगळ्यांनी जवळून बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "ठिकठिकाणचे मिळून नऊ मेजर झाले माझ्या हाताखाली. एकाचेही बघितले नाहीत. तसं बघायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नाही."

मग आवाजात हुकूम आला. "हे सगळे कागद रद्द. मेजर, तुम्ही एकेका टेबलाशी एकेक दिवस उभे राहाल आणि तेरा अहवाल स्वतःच्या हातानं लिहाल. ते मी वाचीन. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्या माणसाला समोर बसवून वाचीन. ते नीट होईपर्यंत तुमच्या अहवालावर माझी सही होणार नाही, आणि त्यात काय लिहायचं हे ह्या तेरा कागदांवरून ठरेल. मुख्य तपासनीसाच्या जागेची मुदत मी महिनाभर वाढवून घेतो. पुढचं ह्या बाईंच्या कामावर."

ताई मटकन खाली बसली. जागा मिळेल की नाही, अजूनही ठाऊक नव्हतं. पण आता ती जागा कोणाच्या खिशातली भीक नव्हती.

मंडळी, गोष्ट इथं संपली असती तरी चाललं असतं. हुकूम झाला, न्याय झाला. पण हुकमानं हात हलतात, मन हललं की नाही ते कळत नाही. आणि तेरा जण नेमके तेच शोधत मेजरसाहेबांकडे बघत होते.

"काही म्हणायचंय, मेजर?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"नाही, सर" एवढंच उत्तर येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. वर्दीत तेवढंच शिकवतात. मेजरसाहेब उठले. टोपी खुर्चीवर ठेवली. कर्नलसाहेबांकडे पाठ होईल ह्याचीही पर्वा न करता ते पुढं आले आणि पहिल्या रांगेसमोर उभे राहिले. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"हेडक्लार्कची चूक नाही," ते म्हणाले. "यादी जुनी होती, पण वाचली असती तर कळलं असतं. मी वाचली नाही. आणि खरं सांगायचं तर वाचली असती तरी कळलं नसतं, कारण मास्तर कोण, हेच मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी इथं आहे. तुमच्यापैकी नऊ जणांची नावं मला येत नाहीत. तरी मी तुमची किंमत ठरवून मोकळा झालो. माणूस बघायला ज्याला वेळ नाही, त्यानं माणसावर शेरा मारू नये, एवढं मला कळायला हवं होतं." त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. "मला कळत होतं. माझ्या जवानांचे अहवाल मी रात्र-रात्र जागून लिहितो. तुमचे दहा मिनिटांत उरकले. तुम्ही कमी आहात म्हणून नाही. मला कोणी विचारणार नव्हतं, म्हणून."